शेऱ्याचा रकाना

एका घराचे पासष्ट रुपये, पेट्रोल आपलं.
मे महिना, दुपारचे अडीच,
नंदनवनातली चौथी गल्ली.
डांबर चपलेला धरून ठेवतंय.
मोबाइलवर नाव: हर्षला निनावे.
आडनाव निनावे,
आणि खाली सगळं उघडं,
जन्मतारीख, रक्तगट, आधीचे दोन पत्ते.
मिहानमधल्या कंपनीत लागायचंय तिला.
त्याआधी ती कोण आहे
हे मी शेजारी विचारून कळवायचं.

दाराला कुलूप. आत कूलर चालू.
दाराचा फोटो काढला,
हिरवं दार, अक्षांश-रेखांशासकट.

शेजारच्या बाईंनी बेल वाजायच्या आधीच जाळी उघडली.
"सांगू नये जी कोणाचं," त्या म्हणाल्या,
आणि सुटल्याच.
"तिले नवऱ्यानं तीन महिन्यांत वापस पाठवलं.
रात्री गच्चीवर फोनवर बोलत राहते.
दर मंगळवारी पागलखाना चौकाकडं जाते म्हणतात,
आता कायले जाते, देव जाणे.
अन् पाहा ना, घरी कोणी नाही
तरी कूलर चालू. बिलाची काही पर्वाच नाही."
मी विचारलं होतं एवढंच:
किती वर्षांपासून राहते?

तिची संमती आहे. मी स्वतः पाहिलीय.
अर्जाच्या अकराव्या पानावर
मोहरीएवढ्या अक्षरांखाली चौकोन,
चौकोनात खूण.
खूण केल्याशिवाय बारावं पान उघडत नाही.
पाहायला आलेल्यांसमोर पोरगी मान खाली घालून बसली
की आतून कोणीतरी म्हणायचं,
मुलीचा होकार आहे.
तसला होकार.

माझ्या बहिणीच्या वेळी, कामठीला,
कोणीतरी असंच उन्हातान्हात आलं होतं.
चौकातल्या इस्त्रीवाल्याला विचारून गेलं.
काय विचारलं, तो काय बोलला,
आजवर कळलं नाही.
निरोप आला, पत्रिका जमत नाही.
पत्रिका आम्ही दिलीच नव्हती.
ती आता बेचाळीसची आहे.
कपड्यांना इस्त्री घरीच करते.

बाईंनी उसाच्या रसाचं विचारलं, नको म्हणालो.
कडुनिंबाच्या सावलीत गाडी लावून
रकाने भरत गेलो.
पत्ता बरोबर. वास्तव्य सहा वर्षं.
शेवटचा रकाना शेरा,
किमान वीस अक्षरं,
कमी पडली तर लाल होतो.
बाईंचं सगळं त्यात बसलं असतं,
वर जागा उरली असती.
पासष्टचे ऐंशी झाले असते कदाचित,
साहेबाला तपशील आवडतो.
अंगठा मंगळवारच्या 'मं'वर गेलाही होता.
गेला होता, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात स्कूटी आली.
स्कार्फ, गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे.
या गावात उन्हाळाभर
पोरींचे फक्त डोळे रस्त्यावर असतात,
तेही काळ्या काचेमागे.
"काही काम होतं का जी?"
माझ्याकडे तिचा रक्तगट होता,
तिला माझं नावही माहीत नव्हतं.
"पत्ता विचारायचा होता," मी म्हणालो,
"सापडला."
"उन्हाचं आलात. पाणी घ्या."

तिने स्कार्फ सोडायच्या आत
मी मान वळवली, का ते सांगता येणार नाही.
कुलूप उघडल्याचा आवाज,
मग गार वाऱ्यासोबत ओल्या वाळ्याचा वास.
आत ती कोणाशी तरी हळू बोलली.
कोणाशी, ते दारातून दिसलं असतं
एक पाऊल पुढे गेलो असतो तर.

तांब्याभर पाणी एका दमात प्यालो.
मग गाडीवर बसून लिहिलं:
दार हिरवं आहे. पाणी माठातलं, गार होतं.
रकाना लाल झाला नाही.

संध्याकाळी साहेबाचा फोन, हा काय शेरा आहे?
म्हटलं, एवढंच दिलं तिनं.

कूलर कोणासाठी चालू होता
ते मी विचारलं नाही.